गाडीची शेड गळतेय, सगळा पत्रा बदलायचा का? आधी पाणी कुठून येतं ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून नीट बघितले. मी समजतोय ते बरोबर आहे का बघा. गुहागर तालुक्यात गावच्या घराला लागून गाडीसाठी 12 बाय 18 फुटांची शेड, 9 वर्षांपूर्वी केलेली, नालीदार जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा, खाली लोखंडी पाइप, उतार घराच्या भिंतीकडून बाहेर, आणि दोन टोकांतला उंचीचा फरक जेमतेम एक फूट. दोन पावसाळे गळतेय. गेल्या वर्षी डांबर लावलं, यंदा मे महिन्यात वॉटरप्रूफिंगचा रंग दोन हात मारला, तरी जुलैत परत बॉनेटवर थेंब, आई बादल्या ठेवून थकल्यात आणि कारागीर म्हणतोय सगळा पत्रा काढून नवीन टाका.

मी दापोलीकडे 26 वर्षं शेड, गेट, ग्रिलची कामं करतोय, त्यातली निम्मी वर्षं पावसाळ्यात दुसऱ्यांच्या गळक्या शेडवर चढण्यात गेली. त्यावरून सांगतो, फोटोत दिसतंय तेवढ्यावरून तरी सगळा पत्रा बदलायची घाई करू नका. पत्रा आपणहून फारसा गळत नाही. गळतात ती त्याला पाडलेली भोकं, दोन पत्र्यांमधला जोड आणि भिंतीजवळची फट. नवीन पत्रा टाकला आणि हे तिन्ही तसंच ठेवलं तर दोन वर्षांनी तुम्ही परत हाच प्रश्न विचाराल.

आधी रंग आणि डांबर का टिकलं नाही ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. पत्रा हलतो. मे महिन्यात पहाटे पत्रा हाताला गार लागतो आणि दुपारी त्यावर हात ठेवता येत नाही, 40 अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात 12 फुटांचा लोखंडी पत्रा लांबीला साधारण पावणेदोन मिलिमीटर वाढतो आणि रात्री परत आखडतो. हे रोज. डांबर उन्हाने कडक झालं की त्याला हे झेपत नाही, स्क्रूच्या भोवती केसासारखी चीर जाते, आणि त्या चिरेतून आत गेलेलं पाणी डांबराखाली अडकून बसतं. म्हणजे गळती थांबत नाहीच, वर तिथला पत्रा सतत ओला राहून लवकर गंजतो. रंगाचंही तेच, सपाट भागावर छान बसतो पण जोडाच्या फटीवर पापुद्र्यासारखा असतो, पत्रा हलला की फाटतो. मी स्वतः सुरुवातीची चार-पाच वर्षं लोकांना डांबर लावून दिलंय आणि पुढच्या जूनमध्ये त्याच घरी परत जाऊन बोलणी खाल्लीत, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

आता शोधायचं कसं. आत जिथे थेंब पडतो तिथेच वर भोक असेल असं धरू नका. पाणी वरून आत शिरतं, पत्र्याच्या खालच्या अंगाने नालीतून घरंगळत येतं, आडव्या पाइपाला आपटतं, पाइप धरून दोन-तीन फूट बाजूला जातं आणि मग बॉनेटवर पडतं. त्यामुळे थेंबाच्या जागेपासून उताराच्या वरच्या दिशेने, भिंतीकडे, बघत जायचं. भर दुपारी शेडची दारं बंद करा, दिवा लावू नका, पाच मिनिटं डोळे सरावू द्या आणि वर बघा, जिथे उजेडाचा टिपका दिसेल तिथे खालून खडूने गोल करा. पाऊस चालू असताना आईंना फक्त एवढंच सांगा की ओल सगळ्यात वर कुठे दिसते तिथे खुणेला काठी टेकवून ठेवायची, त्यांनी शिडीवर चढायचं नाही.

खरी परीक्षा उघडीप मिळाली की पाइपाने पाणी मारून. एक माणूस शिडीवर, एक आत. पाणी खालच्या कडेपासून मारायला सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं, प्रत्येक पट्ट्याला चार-पाच मिनिटं द्यायची. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून वाहत खाली येतं आणि काहीच कळत नाही. पाइपाचं तोंड पत्र्याच्या जोडात खालून वर घुसवून जोरात फवारा मारू नका, तसं केलं तर चांगला जोडही गळेल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय की डिसेंबरातही कधीकधी सकाळी गाडीवर पाणी असतं. ती गळती नाही ताई, तो पत्र्याला सुटलेला घाम आहे. रात्री पत्रा गार पडतो आणि शेडमधली दमट हवा त्याला खालून लागून पाणी होतं. ओळखायची खूण सोपी, घाम सगळ्या पत्र्याला सारखा येतो, गळती एका ठिकाणी असते. त्याला वरून काहीही फासून उपयोग नाही, वळचणीकडून आणि भिंतीजवळून हवा खेळती ठेवायची, आणि फारच त्रास होत असेल तर पत्र्याखाली फॉइलचं बबल इन्सुलेशन लावून घ्यायचं. आता ते सोडून देऊ.

तुमच्या फोटोंत मला तीन जागा संशयाच्या दिसतात आणि त्यातली पहिली बहुतेक कोणी बघितलीच नसेल. घराच्या कौलांचं पाखं शेडच्या बरोबर वर संपतंय आणि त्याला पन्हळ नाही. म्हणजे घराच्या अर्ध्या छपराचं पाणी पागोळ्या होऊन शेडच्या पत्र्यावर एकाच ओळीत पडतंय, 9 पावसाळे. तुमच्या दुसऱ्या फोटोत भिंतीपासून दीड-दोन फुटांवर जो तपकिरी पट्टा दिसतोय ना आडवा, तो तोच. पागोळीचा मारा एकाच जागी बसून जस्ताचा थर झिजलाय आणि गंज चढायला लागलाय. वर हिशोब बघा, तुमची शेड साधारण 20 चौरस मीटर, म्हणजे तासाला 100 मिलिमीटरची सर आली तर फक्त शेडवरच तासाभरात 2000 लिटर पाणी पडणार, त्यात घराच्या छपराचं आणखी तेवढं, आणि हे सगळं एक फूट उताराच्या पत्र्यावरून जायचंय. नाल्या काठोकाठ भरतात आणि पाणी जोडावरून पलीकडे चढतं. त्यामुळे शेडला हात लावायच्या आधी कौलांच्या कडेला पन्हळ लावून ते पाणी बाजूला जमिनीवर सोडा. कित्येक ठिकाणी एवढ्यावर निम्मी गळती थांबते.

दुसरी जागा भिंतीचा जोड. तिथे तुमच्याकडे सिमेंट भरलंय. गवंड्याला वाटतं फट आहे, भरून टाकली, झालं. पण भिंत हलत नाही आणि पत्रा हलतो, त्यामुळे ते सिमेंट पहिल्या उन्हाळ्यातच पत्र्यापासून सुटतं, आणि ओलं सिमेंट जस्ताला खातंही. ते सगळं छिन्नीने हलक्या हाताने काढावं लागेल. मग भिंतीत पत्र्याच्या सहा-आठ इंच वर ग्राइंडरने आडवी चर मारायची, इंचभर खोल, त्यात काटकोनात वाकवलेल्या साध्या पत्र्याची पट्टी वरून दुमडून घालायची आणि ती पट्टी खाली नालीदार पत्र्यावर निदान सहा इंच येऊ द्यायची. चर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरायची. पट्टी आणि नाली यांच्यामध्ये ज्या फटी राहतात त्यात नालीच्या आकाराचा फोम मिळतो तो घालायचा. पट्टी भिंतीला पक्की, खालच्या पत्र्याला घट्ट जखडलेली नाही, म्हणजे पत्रा तिच्याखाली हलू शकतो, यातलं सगळं शहाणपण एवढंच आहे. आणि हो, चरीच्या वरच्या प्लास्टरला भेगा असतील तर पाणी भिंतीच्या आतून पट्टीच्या मागे उतरतं, त्या भेगा आधी भरून घ्या, नाहीतर उगाच पट्टीवाल्याला दोष जातो.

तिसरी जागा म्हणजे स्क्रू आणि हूक. इथे जरा जास्त लिहितो कारण कामाचा जीव इथेच आहे. तुमचे जुने जे हूक दिसतायत, डांबरी वॉशरवाले. 9 वर्षांत ते डांबरी वॉशर वाळून चुरा झालेले असतात, बोट लावलं तरी निघतात. हूकचं भोक हूकपेक्षा मोठं असतं आणि वॉशर गेलं की ते भोक उघडंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडकडे मी जे बघितलं त्यात अशा गंजलेल्या हूकवाल्या शेडचे पत्रेच्या पत्रे हूक सरळ होऊन उडाले होते. म्हणून हूक घट्ट करत बसू नका, काढा. नट गंजलेला असतो, पान्याने फिरवत बसलात तर पत्रा फाटतो, छोट्या ग्राइंडरने कापलेलाच बरा, पण खाली ओलं पोतं धरून, ठिणगी पत्र्यावर पडू न देता.

त्याऐवजी सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू. 12 नंबरचे, साधारण 55 मिलिमीटर लांब, नालीची उंची धरून खाली पाइपात नीट शिरले पाहिजेत. वॉशर ईपीडीएमचंच मागा, म्हणजे उन्हाला टिकणाऱ्या रबराचं. दुकानात नखाने दाबून बघा, चांगलं असेल तर खळगा लगेच भरून येतो, स्वस्तातलं प्लास्टिकचं असेल तर कडक लागतं आणि ते दोन उन्हाळ्यांत तडकतं. समुद्रापासून तुम्ही जवळ आहात, खारी हवा आहे, त्यामुळे स्क्रूवर पैसे वाचवू नका, जाड कोटिंगचेच घ्या. तुमच्या मापाला आडवे पाइप चार धरले तर वळचणीच्या आणि भिंतीकडच्या ओळीला एक नाली सोडून एक, मधल्या दोन ओळींना दोन नाल्या सोडून एक, असे सव्वाशे ते दीडशे स्क्रू लागतील. कडेच्या ओळींना जास्त का, तर वारा पत्रा वर खेचतो तो कडांना आणि कोपऱ्यांनाच सगळ्यात जास्त.

स्क्रू नालीच्या वरच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. पण उंचवट्याखाली पोकळी असते, जास्त दाबलात तर पत्रा आत बसतो आणि स्क्रूभोवती बशीसारखा खड्डा होऊन तिथेच पाणी साठतं. रबर दाबलं जाऊन वॉशरच्या कडेला जरासं डोकावायला लागलं की थांबायचं. रबर बाहेर फुगून आलं तर जास्त झालं, वॉशर बोटाने फिरतंय तर कमी. आणि स्क्रू काटकोनात, तिरका गेला की वॉशर एका बाजूने उघडं राहतं आणि तो स्क्रू आज ना उद्या गळणारच. कारागीर मशीन फुल ठेवून धडाधड मारत सुटतात, घाईत कोणाला दिसत नाही, पण मी प्रत्येक ओळ झाली की मागे वाकून वॉशर बघतो, माझ्या पोरांनाही तेच शिकवलंय.

जुन्या हूकच्याच भोकात नवीन स्क्रू मारू नका, भोक मोठं आहे, वॉशर झाकेल पण धरणार नाही. शेजारच्या उंचवट्यावर नवीन मारा आणि जुन्या भोकावर रुपयाएवढ्या पत्र्याचं ठिगळ खाली ब्युटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) लावून रिव्हेटने बसवा. कुठे आधीच स्क्रू आहे आणि तो नुसता फिरतोय, पकडत नाही, तर तिथे 14 नंबरचा जाड स्क्रू चालतो. तोही फिरला तर खालचा पाइप गंजून पातळ झालाय असं समजा. पागोळीच्या पट्ट्याखालचा पाइप मुद्दाम तपासा, हातोडीने हलके ठोका, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर वेल्डरला बोलवावं लागेल.

आता उतार. नालीदार पत्र्याला निदान 10 अंश उतार पाहिजे, म्हणजे तुमच्या 12 फुटांना साधारण दोन फुटांचा फरक. तुमच्याकडे एकच फूट आहे, पाच अंशही नाही. शिवाय फोटोत दोन पत्र्यांचा ओव्हरलॅप एकाच नालीचा दिसतोय, आपल्याकडच्या पावसाला दोन नाल्या तरी हव्यात. आणि तो लॅप कुठल्या बाजूला उघडा आहे ते बघा, पावसाळी वारा समुद्राकडून येतो तेव्हा वरच्या पत्र्याची मोकळी कड पूर्वेकडे हवी, पश्चिमेकडे असेल तर वारा पाणी सरळ आत ढकलतो. हे सगळं मुळात बसवतानाच व्हायला हवं होतं, आता उतार वाढवायचा तर भिंतीकडची बाजू उचलून सगळी शेड सोडावी लागेल. तेवढं करायची गरज नाही. लॅपवरचे स्क्रू काढा, वरचा पत्रा जरा उचला, दोन्ही पत्रे आतून पुसून कोरडे करा, लॅपच्या उंचवट्यावर वरपासून खालपर्यंत अखंड ब्युटाइल टेप घाला, पत्रा परत बसवा आणि दीड-दीड फुटावर छोटे लॅप स्क्रू मारा. टेप जोडाच्या आत पाहिजे. वरून चिकटवलेली चंदेरी पट्टी दिसायला छान दिसते पण ती तात्पुरती.

सिलिकॉनबद्दल विचारलंत. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो जीआय पत्र्यावर वापरू नका, त्यातलं ॲसिड जस्त खातं. न्यूट्रल लिहिलेला घ्या किंवा पीयू. आणि कुठलाही सीलंट डांबरावर, जुन्या सिलिकॉनवर, गंजावर किंवा ओल्या पत्र्यावर धरत नाही. तुमच्या शेडवर गेल्या वर्षीचं डांबर आहे, ते जोडाजवळून खरवडून रॉकेलच्या फडक्याने पुसून मग परत थिनरने पुसून कोरडं करावं लागेल, हेच सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि कारागीर हेच टाळतो, तुम्ही उभं राहून करून घ्या.

पागोळीच्या पट्ट्यातला गंज स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं नाही तर तारेच्या ब्रशने घासून, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं द्रावण) लावून, झिंकवाला प्रायमर आणि रंग, एवढं पुरे. एखाद-दुसऱ्या जागी आत गेलं तर ठिगळ. पण जर त्या ओळीत जागोजागी टोक घुसत असेल तर तेवढे पत्रे बदला, ठिगळांवर ठिगळं लावून काही मिळत नाही. बदलायची वेळ आलीच तर गॅल्व्हल्यूमचा घ्या, त्याच्या थरात 55 टक्के ॲल्युमिनियम असतं, बाकी जस्त आणि थोडं सिलिकॉन, आपल्या किनाऱ्याच्या हवेत तो साध्या जीआयपेक्षा जास्त टिकतो. जाडी अर्धा मिलिमीटर मागा आणि दुकानात व्हर्नियर लावून मोजून घ्या, लाजू नका. त्याहून पातळ पत्र्यावर एक नारळ पडला किंवा वानरांची टोळी नाचून गेली की उंचवटे चेपतात आणि लॅप उघडतात, हे शहरातल्या माणसाला सांगून खरं वाटत नाही पण आमच्याकडे हे रोजचं आहे. तुमच्या शेडवर माड झुकलाय तो दिसला, नारळ आणि सुकी झावळं वेळेवर उतरवून घ्या.

एक कळकळीची विनंती. तुमच्या शेडला मध्ये एक पारदर्शक फायबरचा पत्रा आहे उजेडासाठी. त्यावर कोणीही पाय ठेवू नये. काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर काम करणारा एक पोरगा असाच डांबर सांडून काळ्या झालेल्या फायबरवर पाय ठेवून सरळ खाली आला, कंबर मोडली, आठ महिने घरी बसला. उन्हाने जुना झालेला फायबर कागदासारखा फुटतो आणि रंग मारल्यावर तो साध्या पत्र्यासारखाच दिसतो, तुमच्याकडेही मे महिन्यात त्यावरून रंग गेलाय. चढायच्या आधी त्याच्या चारी कोपऱ्यांना लाल रंगाने फुल्या मारून घ्या. पत्र्यावर चालायचं ते स्क्रूच्या ओळीवरूनच, खाली पाइप असतो, त्यातही फळी टाकून वजन पसरवलं तर उत्तम. ओल्या किंवा शेवाळलेल्या पत्र्यावर चढू नये, एकट्याने चढू नये, शिडी वर बांधावी. घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर तुमच्या शेडच्या कोपऱ्यावरून जाते, काम चालू असताना ती वायरमनकडून बंद करून घ्या, घरातला मेन स्विच पाडून ती वायर बंद होत नाही.

आता जुलैत लगेच काय करायचं, तर पक्कं काम नाही. ओल्या पत्र्यावर केलेलं काम फुकट जातं. सध्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर जाड ताडपत्री टाका, तिचं वरचं टोक कौलांच्या खाली सरकवा, दोन्ही बाजूंनी दोरीने खांबांना बांधा आणि वाळूच्या पिशव्या ठेवा, खिळे किंवा नवीन भोकं अजिबात नको. शेडच्या खालच्या पन्हळीत पानं अडकली असतील तर ती काढा, पन्हळ तुंबली की पाणी मागे फुगून वळचणीच्या पत्र्याखाली शिरतं आणि तेही गळतीच वाटते. गणपतीनंतर पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात आधी कौलांची पन्हळ, मग भिंतीची पट्टी, मग हूक काढून स्क्रू, मग लॅप, या क्रमाने घ्या. दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम आहे. रोज काम संपलं की ड्रिलचा आणि ग्राइंडरचा लोखंडी कीस मऊ झाडूने झाडून काढायला लावा, एका रात्रीच्या दवाने तो कीस गंजतो आणि नवीन पत्र्यालाही डाग धरतो.

आणि तोपर्यंत आईंना सांगा की खालून मारलेल्या खडूच्या खुणा पुसू नका, शक्यतो त्यावर ऑइल पेंटचा ठिपका देऊन ठेवा, ऑक्टोबरात पत्रा कोरडा झाल्यावर कारागिराला दाखवायला तेवढाच पुरावा असतो.